मातीची परीक्षा आणि पिकाची साक्ष

शितावरून भाताची परीक्षा करावी, अशी आपल्याकडे म्हण आहे. चुलीवरचा भात सर्वत्र सारखा शिजतो, म्हणून त्याला ती लागू पडते. शेताची गोष्ट तशी नाहीं. एकाच बांधाच्या आंत चढावर मुरूम लागतो, उताराला काळी माती साचलेली असते, मधून एखादा खारवट पट्टा गेलेला असतो. आणि जेथें गतवर्षीं मेंढरें बसविलीं होतीं तेथील ज्वारी शेजारच्या ज्वारीहून हातभर उंच उठते. हें सारें पिढ्यान्‌पिढ्या पाहूनच आपल्या कुणब्यानें जमिनींना काळी, मळईची, तांबडी, बरड, मुरमाड, चोपण, खारवट, वरकस अशीं नांवें दिलीं. तीं देतांना त्यानें डोळे वापरले, हात वापरले, नांगराचा फाळ वापरला आणि प्रसंगीं जीभहि वापरली. जिभेचा असा उपयोग करण्यांत तो एकटा नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वींच्या व्हर्जिल ह्या रोमन कवीनें आपल्या शेतीवरील काव्यांत जमीन ओळखण्याची एक युक्ति सांगितली आहे. विणलेल्या टोपलींत माती दाबून भरावी, तिच्यावर गोडें पाणी ओतावें आणि खालीं गळणारें पाणी चाखून पाहावें. तोंड कडवट झालें तर ती जमीन धान्याला अपायकारक समजावी. आजच्या प्रयोगशाळेंत मातीचा अर्क काढून त्यांतील क्षार मोजतात, तेव्हां निराळें होतें तें एवढेंच कीं, जिभेच्या जागीं विजेचें यंत्र आलेलें असतें.

मात्र जमीन चांगली कीं वाईट हें ओळखणें वेगळें आणि ती तशी कां आहे हें सांगणें वेगळें. झाड खातें काय, ह्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून ही दुसरी गोष्ट साधण्यासारखी नव्हती. ब्रुसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट फान हेल्मॉण्ट ह्यानें सतराव्या शतकांत ह्या प्रश्नाची परीक्षा तागडी हातीं घेऊन केली. भट्टींत सुकविलेली २०० पौंड माती त्यानें एका कुंडींत घातली आणि तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें. वरून धूळ पडूं नये म्हणून कुंडीला भोकें पाडलेल्या पत्र्याचें झांकण बसविलें आणि पांच वर्षें केवळ पाणी घातलें. पांच वर्षांनीं झाड १६९ पौंडांवर गेलें. माती पुन्हां सुकवून तोलली तों ती अवघी दोन औंस कमी भरली. तेव्हां झाड पाण्याचेंच बनतें, असा त्यानें निर्वाळा दिला. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. हेल्मॉण्टचें वजन खरें होतें, निष्कर्ष मात्र चुकला. हवेंतून झाड काय घेतें ह्याची त्याला कल्पना नव्हती, आणि ते दोन औंस त्यानें नगण्य समजून सोडून दिले. पुढें १८०४ सालीं जिनीव्हाच्या द सोस्यूर ह्यानें झाडाचा कर्ब हवेंतून येतो व त्याच्या राखेंतील क्षार मातींतून येतात असें दाखविलें, तेव्हां कोठें त्या दोन औंसांचा हिशेब लागला. माती-परीक्षेचें सारें शास्त्र हें त्या दोन औंसांचें शास्त्र आहे.

त्या शास्त्राला जगभर ज्यानें गाजविलें, तो जर्मन रसायनज्ञ यूस्टुस फॉन लीबिग १८०३ सालीं डार्मश्टाट येथें जन्मला. बाप रंग व औषधी द्रव्यें विकणारा. मुलगा तेरा वर्षांचा असतांना युरोपांत एक चमत्कारिक वर्ष उगवलें. आदल्या वर्षीं, म्हणजे १८१५ सालीं, जावाच्या पूर्वेकडील तांबोरा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला होता. त्याच्या धुरळ्यानें सूर्य मंदावला आणि १८१६ सालीं युरोपांत उन्हाळा असा झालाच नाहीं. धान्य शेतांतच कुजलें, जर्मन प्रांतांत लोक उपाशी मेले. ज्यानें कोंवळ्या वयांत ही उपासमार पाहिली, त्यानें मोठेपणीं पिकाच्या अन्नाचा ध्यास घ्यावा ह्यांत नवल नाहीं. गीसेनच्या विद्यापीठांत प्राध्यापक असतांना १८४० सालीं त्यानें शेतीच्या रसायनावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पीक जाळून त्याच्या राखेंत काय काय व किती आहे हें पाहावें. तेवढें मातींतून गेलें असें समजून तें तिला परत करावें. आणि जें द्रव्य गरजेच्या मानानें सर्वांत थोडें असेल तेंच पिकाची मर्यादा ठरवितें, हें विसरूं नये, असा त्याच्या शिकवणुकीचा सारांश होता. पीपाची सर्वांत आंखूड फळी जेवढी, तेवढेंच पाणी पीपांत राहतें, हा ह्या नियमाचा दृष्टांत पुढें शाळेच्या पुस्तकांतहि आला. वास्तविक हा नियम कार्ल श्प्रेंगेल ह्यानें लीबिगच्या आधीं मांडला होता. परंतु श्प्रेंगेल हळू बोलणारा, लीबिग मोठ्यानें बोलणारा, आणि जग बहुधा मोठ्यानें बोलणाराचें नांव लक्षांत ठेवतें.

लीबिगनें केवळ ग्रंथ लिहून न थांबतां १८४५ सालीं स्वतःचें खतहि बाजारांत आणलें. तें इंग्लंडांत लिव्हरपूल येथें तयार होई. पावसानें खत वाहून जाऊं नये म्हणून त्यानें त्यांतील क्षार चुन्याबरोबर वितळवून असे घट्ट केले कीं, ते पाण्यांत विरघळेनात. खत वाहून गेलें नाहीं हें खरें. पण पिकालाहि तें मिळालें नाहीं. शेतकऱ्यांनीं पैसे खर्च केले आणि पीक होतें तेथेंच राहिलें. कागदावरचा हिशेब चोख आणि शेत रिकामें, असा हा पहिला मोठा प्रसंग.

ज्यानें लीबिगच्या हिशेबाला शेताचाच जाब विचारला, तो जॉन बेनेट लॉज हा लंडनच्या उत्तरेस हार्पेंडेन गांवाजवळील रॉथॅमस्टेड ह्या वाड्याचा तरुण जमीनदार होता. हाडें व खनिज फॉस्फेट गंधकाम्लांत विरघळवून सुपरफॉस्फेट करण्याचें पेटंट त्यानें १८४२ सालीं घेतलें, आणि त्या धंद्यांत मिळालेला पैसा शेतावरील प्रयोगांत ओतला. १८४३ सालीं त्यानें जोसेफ हेन्री गिल्बर्ट ह्या रसायनज्ञाला हाताशीं घेतलें. गंमत अशी कीं, हा गिल्बर्ट गीसेन येथें लीबिगपाशींच शिकून आलेला. ह्या दोघांनीं मिळून सत्तावन्न वर्षें एका ठिकाणीं काम केलें. शास्त्राच्या इतिहासांत एवढी दीर्घ जोडी विरळा.

१८४३ च्या शरद्‌ ऋतूंत त्यांनीं ब्रॉडबाल्क नांवाच्या शेतांत गहूं पेरला. शेताचे लांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला कांहींच द्यावयाचें नाहीं, दुसऱ्याला एकरीं चौदा टन शेणखत, तिसऱ्याला केवळ राखेंतले क्षार, चौथ्याला त्या क्षारांच्या जोडीला अमोनियाचें खत, अशी व्यवस्था लावली. आणि दर वर्षीं त्याच पट्ट्यावर तेंच खत व तोच गहूं, हा क्रम चालू ठेवला. शेजारीपाजारी हंसले असतील, कारण एकाच शेतांत वर्षानुवर्षें गहूं पेरणें हें त्या काळच्या इंग्रज शेतकऱ्यालाहि वेडेपणाचें वाटे. परंतु अर्ध्या शतकाचे आंकडे हातीं आले तेव्हां बिनखताच्या पट्ट्याची सरासरी एकरीं सुमारे १३ बुशेल आणि शेणखताच्या पट्ट्याची सुमारे ३५ बुशेल भरली. लीबिगच्या मतें नत्र हवेंतून मिळतो, तेव्हां केवळ राखेच्या क्षारांनीं गहूं भरघोस यावयास हवा होता. तो बिनखताच्या पट्ट्याच्या किंचित्‌ वर जाऊन थांबला. त्याच क्षारांना नत्राची जोड मिळतांच पीक शेणखताच्या बरोबरीस आलें. गहूं मातींतल्या नत्रासाठीं भुकेला असतो, हें प्रत्यक्ष शेतानें सांगितलें. लीबिग चिडला, दोन्ही बाजूंनीं कडक लिहिणें झालें. पण लेखणी कितीहि तीक्ष्ण असली तरी पट्ट्यांवरचा गहूं बदलत नव्हता.

लॉजनें दुसरी एक गोष्ट केली, तिचें महत्त्व तेव्हां थोड्यांनाच कळलें असेल. दर वर्षींचें धान्य, काड आणि वेळोवेळीं काढलेली माती त्यानें बाटल्यांत भरून, चिठ्ठी लावून, सांठवून ठेवली. हा सांठा रॉथॅमस्टेड येथें आजहि आहे व त्यांत सुमारे तीन लाख नमुने आहेत. शंभर वर्षांपूर्वींच्या मातींत काय होतें, हा प्रश्न जगांत बहुतेक ठिकाणीं तर्कानें सोडवावा लागतो. येथें बाटलीचें बूच काढून सोडवितां येतो. कृतज्ञ शेतकऱ्यांनीं वर्गणी काढून १८५५ सालीं लॉजला एक प्रयोगशाळा बांधून दिली, आणि लॉजनें १८८९ सालीं आपल्या मागें प्रयोग चालू राहावेत म्हणून एक लाख पौंडांचा निधि लावून दिला. ब्रॉडबाल्कवर आजहि गहूं पेरला जातो.

इतकें झाल्यावरहि मुख्य कोडें तसेंच राहिलें. तीव्र आम्लांत माती उकळून पृथक्करण केलें तर एकराच्या नांगरटींत स्फुरदाचे हजारों पौंड सांपडत. एका पिकाला तर वीस-पंचवीस पौंड पुरे. मग शंभर वर्षें पुरेल एवढा ऐवज घरांत असतांना पीक उपाशी कां? आणि मूठभर सुपरफॉस्फेटनें तेंच पीक तरारतें कां? उत्तराची पहिली किल्ली यॉर्कशायरचा जमीनदार टॉम्पसन व रसायनज्ञ वे ह्यांना १८५० च्या सुमारास मिळाली. मातीनें भरलेल्या नळींतून अमोनियाच्या क्षाराचें पाणी सोडलें तर खालीं अमोनिया येत नाहीं, त्याच्या जागीं चुना येतो. म्हणजे माती ही चाळणी नव्हे, सावकार आहे. एक ठेवून घेते आणि दुसरें सोडते. लीबिगचें खत वाहून जाण्याची भीति त्यामुळें व्यर्थ ठरली. उतारवयांत लीबिगनेंहि मोठ्या मनानें कबूल केलें कीं, निसर्गानें केलेली तजवीज न ओळखतां आपण तींत सुधारणा करूं गेलों आणि त्याचें प्रायश्चित्त भोगलें.

जमिनींत आहे किती ह्यापेक्षां पिकाच्या हातीं लागेल किती, हा खरा प्रश्न. आणि त्याला आंकड्यांत बसविण्याचा यशस्वी यत्न बर्नार्ड डायर ह्या इंग्रज रसायनज्ञानें १८९४ सालीं केला. झाडाचीं मुळें तीव्र आम्ल ओतीत नाहींत, मग मातीची परीक्षा तीव्र आम्लानें कां करावी, असा त्याचा साधा सवाल होता. त्यानें निरनिराळ्या कुळांतील शंभरांवर वनस्पतींच्या मुळांचा रस काढून त्याचा आंबटपणा मोजला आणि तो सरासरी शेंकडा एक सायट्रिक आम्लाच्या जवळपास आहे असें पाहून, लिंबांतल्या त्याच आम्लाचें शेंकडा एक प्रमाणाचें पाणी मातीवर वापरलें. परंतु हा आंकडा खरा कीं खोटा हें ठरविणार कोण? येथें लॉज-गिल्बर्टचे पट्टे कामास आले. कोणत्या पट्ट्याला चाळीस वर्षें काय मिळालें व त्यानें काय पिकविलें, हें तेथें लिहिलेलेंच होतें. तीव्र आम्लाच्या परीक्षेंत उपाशी व पोसलेल्या पट्ट्यांतील अंतर थोडें दिसे. डायरच्या सौम्य आम्लांत तें अनेक पटींनीं उठून दिसलें. ज्या जमिनींत अशा रीतीनें विरघळणारें फॉस्फरिक आम्ल शेंकडा ०.०१ हून कमी असेल तिला फॉस्फेटचें खत हवें, अशी मर्यादा त्यानें घालून दिली. प्रयोगशाळेंतील आंकडा शेताच्या साक्षीवांचून मुका असतो, ही गोष्ट डायरनें पाळली म्हणून त्याचें काम टिकलें. पुढील काळांत ती सर्वांनींच पाळली असें म्हणतां येत नाहीं.

ह्याच सुमारास हिंदुस्थानच्या मातीकडे रसायनशास्त्राची दृष्टि वळली. दुष्काळ-चौकशीच्या काळापासून शेतीखात्याची वाटाघाट चालू होती. अखेरीस इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर ह्यांना सरकारनें पाठविलें. १८८९ च्या डिसेंबरांत ते आले, १८९१ च्या जानेवारींत परत गेले, आणि १८९३ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. अडाणी रयतेला शेती शिकवावी ह्या अपेक्षेनें ज्यांनीं त्यांना बोलाविलें असेल, त्यांची निराशाच झाली. कित्येक बाबतींत हिंदी शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, क्वचित्‌ सरसहि आहे, असें व्होल्करनीं स्पष्ट लिहिलें. दोष त्याच्या अकलेचा नसून साधनांचा आहे. शेणाच्या गोवऱ्या होतात त्या सरपण नाहीं म्हणून. तेव्हां आधीं सरपणाचीं रानें राखा, खत आपोआप शेतांत जाईल, हा त्यांचा सल्ला होता. तो पुरतेपणीं कोणीं ऐकला नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

व्होल्करांच्या मागून १८९२ सालीं डॉ. लेदर हे सरकारचे कृषि-रसायनज्ञ म्हणून आले. त्यांनीं हिंदुस्थानांतील माती गोळा करून १८९८ सालीं तिचीं चार मोठीं कुळें मांडलीं: गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतील गाळाची, दख्खनची काळी कापशीची, मद्रासकडील तांबडी आणि जांभा. चारहि कुळांत नत्र व कुजलेला पालापाचोळा ह्यांचें दारिद्र्य सारखेंच आढळलें. आपल्या उन्हांत सेंद्रिय द्रव्य भराभर जळून जातें, तें कांहीं आळसानें नव्हे. १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें कृषि-संशोधन संस्था निघाली व लेदर तेथें गेले. १९३४ च्या भूकंपांत ती इमारत पडली आणि १९३६ सालीं संस्था दिल्लीस आली.

महाराष्ट्राच्या मातीनें विलायती पद्धतीला पहिला अडसर घातला. काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे सर्वत्र असतात. अशा मातीवर डायरचें सौम्य आम्ल ओतलें तर तें स्फुरदापर्यंत पोहोंचण्याच्या आधींच चुन्याशीं फसफसून संपून जातें, आणि परीक्षा करणाराच्या हातीं पडलेला आंकडा जमिनीबद्दल कांहींच सांगत नाहीं. पुसाची मातीहि अशीच चुनखडीची होती. तेथें दास ह्यांनीं १९३० सालीं आम्ल सोडून पोटॅशियम कार्बोनेटचें पाणी वापरून पाहिलें. अमेरिकेंत ओल्सन व त्याचे सहकारी ह्यांनीं १९५४ सालीं सोडियम बायकार्बोनेटची, म्हणजे घरांतल्या खाण्याच्या सोड्याची, पद्धति प्रसिद्ध केली, ती त्याच दिशेची होय. देशावरील काळ्या मातीचें स्फुरद आज ह्याच सोड्याच्या पाण्यानें काढतात. कोंकणांतील आंबट, तांबड्या मातीला मात्र आम्लाची निराळी पद्धति लागते. एका आंब्याच्या दोन बाजूंना दोन सुऱ्या लागाव्यात, तसें हें सह्याद्रीच्या अलीकडचें व पलीकडचें गणित आहे.

पुण्याच्या शेतकी कॉलेजाचें प्राचार्यपद १९०७ सालीं डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांच्याकडे आलें. दख्खनच्या खेड्यांची आर्थिक पाहणी करणारे म्हणून मॅन सुशिक्षितांना परिचित आहेत. पण मुळांत ते रसायनज्ञ होते. नीरेच्या कालव्याचें पाणी येऊन पंचवीस-तीस वर्षें झालीं नाहींत तों त्या खोऱ्यांत ऊस पिकणाऱ्या जमिनींवर पांढरा थर दिसूं लागला. मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे ह्यांनीं नीरा खोऱ्यांतील खारजमिनींवर १९१० सालीं पत्रिका प्रसिद्ध केली. पाणी बेसुमार दिलें, निचरा नाहीं, म्हणजे जमिनीखालचें पाणी वर चढतें. तें उन्हानें उडून जातें आणि बरोबर आणलेले क्षार वर ठेवून जातें. येथें परीक्षेचें खरें मोल कळतें. खारवट आणि चोपण ह्या दोन्ही जमिनी नापीक. परंतु खारवट जमिनीला चर खणून, निचरा करून, पाण्यानें धुऊन काढतां येतें. चोपण जमिनीचे कण सोडियमनें विखुरलेले असतात. तिच्यावर नुसतें पाणी सोडलें तर तें तसेंच उभें राहतें, आणि तिला जिप्सम द्यावें लागतें. कोणती जमीन कोणत्या रोगानें आजारी आहे हें न पाहतां औषध करणारा शेतकरी कर्जांत बुडतो. पुढें १९३२ सालीं नीरेकांठींच पाडेगांव येथें ऊस-संशोधन केंद्र निघालें, आणि कालव्याखालील जमिनींची छेद घेऊन प्रतवारी करण्याचें चिकाटीचें काम तेथें झालें.

मातीचा नमुना काढणें ही कल्पनेपेक्षां जोखमीची गोष्ट आहे. हेक्टरभर जमिनीचा वीतभर थर सुमारे २२ लाख किलो भरतो. शेतांत नागमोडी चालत, जागोजाग इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे खड्डे घेऊन, माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत अखेर अर्धा किलो उरवितात, आणि स्फुरदाच्या परीक्षेला त्यांतून केवळ अडीच ग्रॅम घेतात. म्हणजे अडीच ग्रॅमांच्या तोंडून सुमारे नव्वद कोटी पट माती बोलावयाची! बांधाजवळ, झाडाखालीं किंवा उकिरड्याच्या जागीं घेतलेली एक मूठ सारा निकाल फिरवूं शकते. म्हणून यंत्रें कितीहि सुधारलीं तरी नमुना घेणाराच्या पायांत आळस असतां कामा नये.

शिवाय मातीनें दिलेली साक्ष किती झालें तरी ऐकीव. पीक काय घेतें हें पिकालाच कां विचारूं नये? रॉथॅमस्टेडच्या हॉल ह्यानें १९०५ सालीं हा विचार नीट मांडला. लीबिगनें संबंध पीक जाळलें होतें. नंतरच्यांच्या लक्षांत आलें कीं, कोणतें पान आणि कोणत्या वयाचें, हें न ठरवितां केलेलें पृथक्करण निरर्थक. नत्राअभावीं खुरटलेल्या रोपांत दुसरीं द्रव्यें प्रमाणानें अधिकच दिसतात, जसा उपाशी मुलाच्या हाडांचा आकार डोळ्यांत भरतो. उलट पोट भरल्यावरहि पालाश ओढून घेण्याची झाडाला खोड आहे. फ्रान्सांत माँपेलिए येथें लागात्यू व मोम ह्यांनीं द्राक्षवेलीचें ठराविक जागेचें पान ठराविक वेळीं तपासण्याचा परिपाठ घातला. नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागाईतदार खरड छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांनीं पांचव्या पानाचे देठ गोळा करून प्रयोगशाळेंत धाडतात, तो ह्याच परिपाठाचा वंश आहे. अमेरिकेंत हॉफरनें १९२६ सालीं मक्याचें ताट उभें चिरून, पेऱ्यांवर औषधाचे थेंब सोडून, उमटणाऱ्या रंगावरून पालाशाची भूक ओळखण्याची रीत शेतकऱ्यांना दिली. तिला प्रयोगशाळाहि लागत नसे, चाकू पुरे. आणि १९२३ सालीं कॅथरिन वॉरिंग्टन ह्या विदुषीनें रॉथॅमस्टेड येथें घेवड्याच्या जातीच्या पिकावर दाखविलें कीं, बोरॉनसारखें लेशमात्र लागणारें द्रव्य नसलें तरी पीक मरतें. हेल्मॉण्टच्या दोन औंसांतला हा तर कणाचाहि कण.

ह्या कणांनीं हिंदुस्थानांत केलेला उत्पात एका महाराष्ट्रीय शास्त्रज्ञानें उघडकीस आणला. हिमालयाच्या पायथ्याशीं तराईचें जंगल तोडून शेती झाली आणि तेथेंच पंतनगर येथें १९६० सालीं देशांतील पहिलें कृषि-विद्यापीठ स्थापन झालें. तराईंतील भाताला एक रोग होई. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानें फिकी पडत, त्यांवर काथाच्या रंगाचे तांबूस तपकिरी डाग येत, रोपें बसत. काथ ज्या खैरापासून करतात त्या खैरावरून लोक त्याला ‘खैरा’ म्हणत. डाग दिसले कीं बुरशी किंवा विषाणु शोधावा, हें वनस्पति-रोगतज्ज्ञाचें शिक्षणच. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे स्वतः रोगतज्ज्ञ. तरी त्यांनीं आपल्या विद्येचा हट्ट धरला नाहीं. १९६६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, खैरा हा जंतूंचा रोग नव्हे, ती जस्ताची उपासमार आहे. मातींत चुना भरपूर, त्यांत पाणी सांचलेलें, तेव्हां असलेलें जस्तहि रोपाच्या हातीं लागत नाहीं. हेक्टरी पांच किलो झिंक सल्फेट व अडीच किलो विरलेला चुना पाण्यांत कालवून फवारला कीं पानें हिरवीं होत. शेतांतल्या भातावर जस्ताची उणीव जगांत प्रथम येथेंच ओळखली गेली. ज्या घरांत त्या वर्षीं भात शिजला, त्या घराला ह्या शोधाची किंमत निराळी समजावून द्यावी लागली नसेल.

मातीची परीक्षा सामान्य शेतकऱ्याच्या दारीं नेण्याचा उद्योग स्वतंत्र भारतांत १९५५-५६ सालीं अमेरिकेच्या साहाय्यानें काढलेल्या सोळा प्रयोगशाळांपासून सुरू झाला. तेव्हां नत्र, स्फुरद, पालाश हीं तीनच नांवें प्रामुख्यानें घेत, आणि जमिनीला ‘कमी’, ‘मध्यम’, ‘भरपूर’ असे तीन शिक्के मारीत. तीन शिक्क्यांनीं शेतकऱ्याचें समाधान होण्यासारखें नव्हतें. इतकें धान्य हवें तर इतकें खत, असा सरळ हिशेब डॉ. राममूर्ति ह्यांनीं दिल्लीस गव्हावर १९६७ सालीं बसविला, आणि त्या धर्तीचे प्रयोग निरनिराळ्या प्रांतांत चालले. आपल्याकडे राहुरीचें कृषि-विद्यापीठ त्यांत आहे. निरनिराळीं खतें दिलेले पट्टे पाडून, पीक तोलून, मग आंकड्याला अर्थ द्यावयाचा, ही रीत ब्रॉडबाल्कचीच.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांत सूरतगड येथें मृदा-आरोग्य-पत्रिकेच्या योजनेचा आरंभ झाला. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: आम्लता, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि त्याखालीं जस्त, लोह, तांबें, मंगल व बोरॉन. नमुन्यासाठीं बागाईत जमिनीचे अडीच हेक्टरांचे व जिराईत जमिनीचे दहा हेक्टरांचे चौकोन धरण्यांत आले. अडीच हेक्टरांत आपल्याकडे कित्येकदां तीन-चार खातेदारांच्या जमिनी येतात, आणि त्या सर्वांच्या पत्रिकेवर तोच आंकडा पडतो. एकाचा मळा नदीकांठीं आणि दुसऱ्याचा माळावर असला तरी. योजना लहान नव्हती, तिच्यामुळें प्रयोगशाळेचें नांव खेड्यांत गेलें, हें मान्य केलें पाहिजे. पण चौकोन धरून काढलेल्या सरासरीला माळावरच्या शेतकऱ्यानें आपलें म्हणावें तरी कसें? त्यानें स्वतः नागमोडी चालून काढलेली अर्धा किलो माती ह्याहून अधिक खरें बोलेल.

त्या पत्रिकेंतील जस्ताच्या ओळींत जो आंकडा असतो, तो कोलोरॅडोच्या लिंड्से व नॉर्व्हेल ह्यांनीं १९७८ सालीं सविस्तर प्रसिद्ध केलेल्या डीटीपीए नांवाच्या द्रवानें काढलेला असतो. हा द्रव चुनखडीच्या मातीसाठींच बेतलेला, म्हणून काळ्या जमिनीलाहि तो मानवला. दहा लाख भाग मातींत जस्त ०.६ भागाहून कमी भरलें तर ती जमीन जस्ताची भुकेली समजतात आणि हेक्टरी सुमारे २५ किलो झिंक सल्फेट मातींत मिसळावयास सांगतात.